बांधकामाचं वय

"माय, पंचवीस म्हणजो. एक वर्ष इकडं नाई, एक वर्ष तिकडं नाई."

इंद्रजितनं हे सकाळपासून चौथ्यांदा सांगितलं. कौसल्याबाई चक्कीच्या दगडाभोवतीचं पीठ कुंच्यानं झाडत होत्या. त्यांनी मान वर न करता "हो" म्हटलं. मुलगा आज इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून आला होता. उमरखेडच्या एसटी डेपोत तो मेकॅनिक होता. पेन त्याच्या खिशाला वर्षातून फार तर दोनदा दिसे.

कारणही तसंच होतं. त्याच्या मुलीचा, पायलचा, नागपूरला नर्सिंगला नंबर लागला होता. बँकेनं कर्जाला तारण मागितलं, आणि या घरात तारण ठेवण्याजोगी एकच गोष्ट होती, ढाणकीच्या बाजाररस्त्यावरची ही चक्की. तिची किंमत ठरवायला बँकेचा माणूस आज यायचा होता. किंमत कमी आली तर कर्ज कमी, आणि कर्ज कमी पडलं तर पायल घरी. डेपोतल्या कुणा शहाण्यानं इंद्रजितच्या डोक्यात भरवून दिलं होतं की बांधकाम जितकं जुनं, तितका घसारा जास्त, म्हणजे किंमत कमी. कराच्या पावतीवर बांधकामाचं वर्ष नव्हतं. म्हणजे म्हातारी सांगेल ते वर्ष.

"पंचवीस म्हटलं, तर बाकीचे वर्षं कुठं गेले म्हणू?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"कोन विचारून राह्यलं तुले? कागदावर लिव्हाचे हायेत फक्त."

अकराच्या सुमारास बँकेचा माणूस आला. नयन राठोड त्याचं नाव, वय तिशीच्या आतलं. त्यानं आधी बूट बाहेर काढले. पिठाच्या जमिनीवर बूट काढणारा माणूस कौसल्याबाईंना लगेच आवडला, आणि अशा माणसाशी खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं.

"आजी, बांधकाम किती वर्षांचं?"

"पंचवीस," त्या म्हणाल्या. शाळेत पाढा म्हणून खाली बसणाऱ्या पोरीसारख्या लगेच पोत्यावर बसल्या.

नयननं लिहून घेतलं. इंद्रजितनं सुस्कारा सोडला. मग तो पोरगा भिंतीला लाल ठिपक्याचं यंत्र लावून लांबी-रुंदी मोजू लागला आणि बापासोबत आलेली पायल त्याला आकडे लिहायला मदत करू लागली. बारा फूट रुंद, पंचवीस फूट खोल. वर टिनाचं छत. पुढं दगडी ओटा.

कौसल्याबाई त्या लाल ठिपक्याकडे पाहत राहिल्या. एका शब्दात त्यांनी सव्वीस वर्षं उडवून लावली होती, आणि ती कुठली तर नेमकी पहिली. त्यांचं लग्न होऊन वर्ष झालं होतं तेव्हा. नवऱ्यानं, डोमाजीनं, उमरखेडच्या जिनिंगमध्ये मोटरवर काम करून पैसा जोडला आणि गावाच्या अगदी टोकाला, जिथं रात्री कोल्हे ओरडत, तिथं ही जागा घेतली. लोक हसले. विटा दोघांनी मिळून वाहिल्या. चक्की उभी राहिली, मोटर आली, पट्टा चढला, आणि गिऱ्हाईक येईना. बौद्धवाड्यातल्या बायका येत, पण बाजारपेठेतून, वरच्या आळीतून एक डबा येत नव्हता. चक्कीत आधीच्या दळणाचं पीठ थोडं दगडात राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. कुठल्याही चक्कीवाल्याला ते चुकलेलं नाही. आपल्या पिठात यांच्या घरचं पीठ येईल, हीच त्या लोकांना भीती. डोमाजी रोज सकाळी येऊन मोटर पुसायचा, ओटा धुवायचा आणि बसून राहायचा. असे पाच महिने.

बाहेरून पहिली आली ती बंजारा तांड्यावरची मानीबाई. डोक्यावर ज्वारीचं पोतं, हातात कोपरापर्यंत बलोती, म्हणजे पांढऱ्या रुंद बांगड्या. "चाले का तारी चक्की?" तिनं विचारलं होतं. तिचं दळण डोमाजीनं असं जपून काढलं की एक कण जमिनीवर सांडू दिला नाही. मग लग्नसराईत बाजारातल्या चक्कीची मोटर जळाली, आणि वरच्या आळीच्या बायका उजाडायच्या आत डबे घेऊन आल्या, कुणी पाहू नये म्हणून. पुढं पुढं त्या उजेडातही येऊ लागल्या. डोमाजी कुणाला काही बोलला नाही. घरी आल्यावर मात्र हसून म्हणायचा, "कौसल्ये, आता गावातल्या हर घरच्या भाकरीत दुसऱ्या घरचं चिमूटभर पीठ हाये."

तो जाऊन आता नऊ वर्षं झाली. हल्ली पीठ पाकिटात येतं, घरोघरी छोट्या चक्क्या झाल्या. कौसल्याबाई सकाळचे दोन तास मोटर लावतात, ती जुन्या गिऱ्हाइकांसाठी आणि खरं सांगायचं तर स्वतःसाठी.

"आजी, पाया कशाचा आहे?"

"काळ्या दगडाचा. पैनगंगेवरून आणला."

"आणि हे दार? साग दिसतो."

"सागच हाये, बावा. चांगला जुना साग." विषय दाराचा निघाला आणि कौसल्याबाई खुलल्या. "उमरखेडवरून बैलगाडीनं आणलं. मी गाडीत दार धरून बसलती. रस्ता असा खराब, हे म्हणे उतर खाली, चालत ये, तुले धक्के बसतीन. मी म्हटलं, मी उतरली तर दार कोन धरन? हा इंद्रजित पोटात होता ना तवा, सातवा महिना."

नयननं लिहिता लिहिता वर पाहिलं. त्यानं इंद्रजितकडे पाहिलं. पांढऱ्या मिशा, कपाळावरून मागं सरकलेले केस, नाकावर चष्मा. पोटातला तो इंद्रजित पन्नाशीचा होऊन समोर उभा होता. पायलनं ओढणी तोंडावर धरली तरी हसू बाहेर आलंच.

"माय!" इंद्रजित कपाळाला हात लावून म्हणाला.

कौसल्याबाईंचा चेहरा उतरला. नातीचं नागपूर आपल्या तोंडानं घालवलं, असंच त्यांना वाटलं. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"साहेब, खोटं बोलली मी. एक्कावन्न वर्षं झाले. पोरानं सांगतलं म्हणून पंचवीस म्हटलं, पण त्याचा दोष नाई, त्याले पोरीची काळजी. दंड गिंड असन तर माह्या नावानं लिव्हा. पोरीचं कर्ज नोका अडवू."

"अहो आजी, दंड कसला," नयन घाईनं म्हणाला. "आणि पंचवीस काय, एक्कावन्न काय, फरक पडत नाही. मातीत बांधलेल्या विटा, वर टिन. अशा बांधकामाची किंमत पंचवीस वर्षांतही संपल्यातच जमा असते. आता आम्ही शून्य धरतो. टिन आणि दार भंगारात जाईल तेवढंच."

"मंग कर्ज?" इंद्रजितचा आवाज चिरकला.

"जागेवर. रस्त्याला बारा फूट तोंड आहे तुमचं, बाजारात. या जागेची किंमत बँकेला पाहिजे त्यापेक्षा जास्त येते. काळजी करू नका."

पायलनं टुणकन उडी मारून बापाचा हात धरला. इंद्रजित चष्मा काढून पुसू लागला. पिठानं माखलेल्या त्या खोलीत बऱ्याच दिवसांनी कुणी मोठ्यानं हसलं. कौसल्याबाईही हसल्या, पोरीच्या गालावरून हात फिरवला, बोटं मोडली. पण 'शून्य' हा शब्द त्यांच्या कानातून जाईना. कोल्ह्यांच्या जागेला भाव आला, कारण तिथून रस्ता गेला. डोमाजीनं उभं केलं त्याचा काहीच भाव नव्हता. त्यांना फार वाईट वाटलं, आणि आनंदाच्या वेळी वाईट वाटतंय याचंही वाईट वाटलं.

नयन कागद आवरू लागला तशा त्या त्याच्याजवळ गेल्या.

"बावा, ते पंचवीस खोडलं काय?"

"आजी, खरंच त्यानं काही..."

"किंमत शून्य लिव्हा, माही ना नाई. पण वर्षं पुरे लिव्हा. त्या मानसानं पाच महिने रिकामी चक्की पुसली, तेबी त्याच्यात धरा."

नयननं त्यांच्याकडे पाहिलं. मग कागद लावलेली पाटी मांडीवर घेऊन पंचवीसवर रेघ मारली, एक्कावन्न लिहिलं आणि शेजारी अक्षरातही लिहिलं. पायलनं ते आजीला वाचून दाखवलं.

शेवटी एक फोटो हवा होता, मालमत्तेसमोर मालक उभा असलेला. अहवालाला तो जोडावाच लागतो. कौसल्याबाईंनी हातांवरचं पीठ पदराला पुसलं, डोक्यावर पदर घेतला आणि ओट्यावर, दाराच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. उजवीकडे एका माणसापुरती जागा मोकळी राहिली.

"आजी, थोड्या मधोमध या," नयन मोबाइल डोळ्यांपुढे धरून म्हणाला.

त्या हलल्या नाहीत. त्यांना ऐकू आलं नसेल असं वाटून त्यानं पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं, तेव्हा इंद्रजितनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू द्या साहेब," तो म्हणाला. "तशीच घ्या."