प्राप्तीच्या डाव्या डोळ्यातली ज्योत

भर दुपारी दोन वाजता साहिलच्या ओटीवर शंभर-दीडशे माणूस ताटकळत उभं होतं आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता. आगरदांड्याच्या जेट्टीपासून आमचा कोळीवाडा पायी दहा मिनिटांवर. दिघीहून फेरीबोट लागली की माणसं उतरून सरळ इकडेच येत. आतल्या खोलीत खिडक्यांना निळी ताडपत्री ठोकलेली, दार अर्धं लोटलेलं, आणि त्या काळोखात पाटावर त्याची तीन वर्षांची लेक प्राप्ती, कपाळभर मळवट भरून बसवलेली. एकेकाने आत जायचं, फ्लॅश मारून फोटो काढायचा आणि उजेडात येऊन बघायचा. "आली गो बाय, आई आली!" असं ओरडून बाया रडायला लागत. फोटोत पोरीचा उजवा डोळा लालसर, आणि डाव्या बुबुळात पांढरी फटक ज्योत.

ही आग मीच लावली होती, ते आधी सांगून टाकतो. मी रतन. जेट्टीच्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे, आणि अलिबागच्या एका पेपराला मी बातम्यांचे फोटो पाठवतो. रोज सकाळी गावच्या ग्रुपवर एक फोटो टाकायचा, कधी वाळत घातलेले बोंबील, कधी खचलेला रस्ता, आणि मग दिवसभर गावाने त्यावर तोंड चालवायचं, ही आमची रीत. प्राप्तीच्या वाढदिवसाचा फोटो मी असाच टाकला. डोळ्यातला तो ठिपका बघून कुणीतरी हात जोडलेलं चित्र डकवलं, मग पन्नास जणांनी डकवलं. पेपरानेही छापला: 'चिमुकलीच्या नेत्रात देवीचे तेज?' त्यातलं प्रश्नचिन्ह माझं. तेवढीच काय ती माझी अक्कल!

आठवड्याभरात खाडीपलीकडून दिनानाथ भगत उगवला. पांढरी लुंगी, दोन मोबाईल.

"या डोळ्याला तिन्ही लोक दिसतात! स्वर्ग दिसतो, पाताळ दिसतं, तुझ्या खिशातलं पाप पण दिसतंय, कळलं काय?" तो गरजायचा. एका बिचाऱ्याच्या मोबाईलचा फ्लॅश बंद होता. त्याच्या फोटोत ज्योत आली नाही. भगताने त्याला चारचौघांत उभा केला. "मनात शंका घेऊन आत गेलास. मंगळवारी म्हावरं खाल्लंस ना?" तो कान धरून उठाबशा काढायला लागला. लोक हसले. मीही हसलो, लाज वाटते सांगायला.

पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. भगताने जाहीर केलं, "येत्या पौर्णिमेला उजव्या डोळ्यातही ज्योत पेटणार. मग आई या घरात राहायची न्हाय, माझ्या मठात येणार. आणि मधे कुणी डॉक्टरची सुई या डोळ्याला लावली, तर अख्ख्या वाड्याची जाळी रिकामी येतील!"

पौर्णिमा चार दिवसांवर होती. साहिल बोटीवर, खोल समुद्रात. त्याची बायको किशोरी दारात उभी राहून नुसती पदराचं टोक चावत होती. पोर नेणार म्हणतात, आणि नको म्हणावं तर सगळा वाडा अंगावर येणार. मला बघून ती हळूच म्हणाली, "रतनभाऊ, ही हल्ली चालताना दाराला आपटते हो." मी म्हटलं, पोरंच ती, आपटायचीच. असं म्हणालो मी!

दुसऱ्या दिवशी सुकट घ्यायला मनुबाईकडे गेलो. चाळीस वर्षं बाजारात बसणारी म्हातारी, कुणाला भीक घालत नाही. माझाच फोटो छापलेला पेपर तिने पुडी बांधायला घेतला आणि हात थांबला.

"रतन, हा डोला उतरलाय."

"म्हणजे?"

"अरे, गिऱ्हाईक पापलेट घेताना पयलं काय बघतं? डोला. काळा, चकचकीत असला तर ताजं. पांढरा झाला तर म्हावरं उतरलं, आतून नासाय लागलं. मी जन्मभर डोलेच बघितलेत. यो देवीचा उजेड न्हाय रे बाबा. पोरीच्या आत कायतरी नासतंय."

सुकट तिथेच राहिली. स्टुडिओत येऊन मी तो फोटो अलिबागच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना पाठवला. दोन मिनिटांत फोन वाजला.

"कुणाचं मूल आहे हे?"

"गावातल्याच एकाचं. उद्या-परवा घेऊन येऊ का?"

"आज आणा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी नीट समजावलं. फ्लॅशचा उजेड डोळ्याच्या आतल्या पडद्यावर आपटून परत येतो. पडद्यात रक्त असतं, म्हणून निरोगी डोळा फोटोत लाल दिसतो. आत गाठ वाढली की उजेड गाठीवरून परततो आणि डोळा पांढरा दिसतो. कधी कारण साधं असतं, कधी तो कॅन्सर असतो. आणि तो डोळ्यातून मेंदूकडे सरकतो.

मी मनुबाईला घेऊन साहिलचं घर गाठलं. गर्दी होतीच. दारातच किशोरीच्या कानावर डॉक्टरीणबाईंचं बोलणं घातलं.

"खिडकीची ताडपत्री काढा," मी म्हणालो.

"आई कोपेल!" भगत ओरडला.

"आई कशाला कोपेल? काळोखात डोळ्याची बाहुली मोठी होते, फ्लॅश सरळ आत जातो, म्हणून तुम्हाला काळोख लागतो. त्या उठाबशावाल्याचा फ्लॅश बंद होता, त्यात पाप कसलं!" वाड्यातली चार पोरं मी पाटावर बसवली आणि ताडपत्री काढण्याआधी त्याच काळोखात फ्लॅश मारून त्यांचे फोटो काढले. चौघांचेही दोन्ही डोळे लाल. फोटो हातोहात फिरले. कुजबुज सुरू झाली.

"देवी एकाच ठिकाणी उतरते," भगत म्हणाला. "तिन्ही लोक बघणारा डोळा आहे तो!"

"व्हय का? मग बघू या." मनुबाई पुढे झाली. "किशोरी, पोरीचा उजवा डोला झाक. आणि हे बिस्कीट धर तिच्यासमोर."

भगत आडवा आला. मनुबाईने त्याला कोपराने बाजूला सारला. किशोरीने एका हाताने लेकीचा उजवा डोळा झाकला आणि दुसऱ्या हाताने बिस्कीट तिच्या नाकासमोर धरलं. तोवर मी ताडपत्री ओढून काढली होती, खोलीत लख्ख ऊन. प्राप्तीने दोन्ही हात हवेत फिरवले. बिस्कीट तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर होतं.

"आये," ती म्हणाली, "लाईट गेली?"

किशोरीने पदराने लेकीच्या कपाळावरचं कुंकू खसाखसा पुसलं, तिला कडेवर घेतलं आणि चपला न घालता रिक्षाकडे धावली. भगत कधी सटकला, कुणी बघितलंही नाही.

तपासणीत गाठच निघाली. मुंबईला मोठ्या इस्पितळात डावा डोळा काढावा लागला. गाठ मेंदूकडे सरकली नव्हती, उजवा डोळा साफ होता, पोर जगली. शुद्धीवर आल्यावर तिने पहिल्यांदा बिस्कीटच मागितलं, आणि बोटीवरून परतल्यापासून आठ दिवस न रडलेला साहिल तेव्हा ढसाढसा रडला.

डॉक्टरीणबाईंनी मला एकच विचारलं, "पहिला फोटो कधीचा?"

तारीख बघून मी सांगितलं. अडीच महिने झाले होते.

"तेव्हाच आणली असती, तर बहुतेक डोळाही वाचला असता," त्या म्हणाल्या.

अडीच महिने तो फोटो शेकडो मोबाईलमध्ये होता. कॅमेऱ्याने कधीच सांगून टाकलं होतं, आम्ही मात्र हात जोडत बसलो. म्हणून पायावर डोकं ठेवून सांगतो, आज घरी गेलात की लेकरांचे फोटो उघडा आणि डोळे नीट बघा. एक लाल, एक पांढरा दिसला तर नारळ आणायला जाऊ नका. पोराला उचला आणि मिळेल ती गाडी पकडून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आजच.