पेन्सिलीची खूण

अजूनही पांढरी बशी हातात आली की माझं नख तिच्यावर टकटक करतं. सून म्हणते, "आई, नवीन आहे हो ती!"

कारखान्यात आम्ही रडारसाठी सूक्ष्मलहरी सोडणाऱ्या मोठ्या नळ्या बनवत असू. नळीच्या आत निर्वात पोकळी, बाहेर हवा आणि मध्ये तळहाताएवढी सिरॅमिकची चकती. लहरी तिच्यातून बाहेर पडायच्या, म्हणून तिला खिडकी म्हणायचं. केसाएवढी चीर गेली की नळी बाद. खिडक्या तपासणारी मी. नखाने वाजवून बघायची, लाल रंग लावून पुसायचा. चीर असली की लाल रेघ उरायची. पास झाली की कोपऱ्यात पेन्सिलीने बरोबरची खूण.

दुप्पट शक्तीच्या नळ्या आल्या आणि खिडक्या तडकू लागल्या. ओळीने सहा.

"बाईंची नजर गेली," साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. "पास केलेल्या या वीस खिडक्यांच्या कागदावर सही करा आणि सोमवारपासून पॅकिंगला बसा."

"सही नाही करणार. आधी फुटलेल्या बघू द्या."

"भंगारात गेल्या."

"मग भंगारात जाते."

चकत्या भाजणारा भट्टीवाला मागोमाग आला. "बाई, नोकरी घालवाल."

"तू बॅटरी धर."

तुकडे जुळवले. सहाही चिरा एकाच जागेवरून निघालेल्या. माझ्या खुणेवरून. पेन्सिलीचं शिसं लहरींनी तापून तिथेच काळा डाग पडला होता. जुन्या नळ्यांची शक्ती कमी, म्हणून नऊ वर्षं निभावलं. मी खालीच बसले.

"तुकडे फेकून द्या," भट्टीवाला कुजबुजला. "कोणाला कळतंय?"

मी ते पदरात घेऊन साहेबांच्या टेबलावर ओतले.

"नजर शाबूत आहे. हात चुकला. खूण माझी."

"म्हणजे चूक कबूल?"

"कबूल. आता त्या विसातली एक खिडकी खुणेसकट लावा, एक खूण घासून काढून. दोन्ही पूर्ण शक्तीवर चालवा. मी चुकीची ठरले तर पॅकिंगला कशाला, घरीच जाते."

"आणि बरोबर ठरलात तर?"

"तर माझी खुर्ची माझीच. आणि 'नजर गेली' हे शब्द सगळ्यांदेखत परत घ्यायचे."

खुणेची खिडकी अकरा मिनिटांत तडकली. दुसरी संध्याकाळपर्यंत चालली. उरलेल्या अठरा घासून घेतल्या, पुन्हा तपासल्या, तेव्हा कुठे सही केली.

साहेबांनी शब्द परत घेतले, पण पुटपुटत.

"मागच्या रांगेत ऐकू आलं नाही," मी म्हटलं.

त्यांना पुन्हा म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी विभागाच्या दारात मी रिकामा डबा ठेवला. पेन्सिल त्यात टाकल्याशिवाय कोणी आत यायचं नाही. पहिली माझी टाकली. दुसरी साहेबांच्या खिशातून मीच काढली.