गाढवाचा मुजरा

आमचे हे, गोविंदराव, गाढवाची हलती चित्रं काढत होते तेव्हा बडोद्याच्या मांडवीतल्या आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसायची. खाटेखाली गाढवं, देवापुढे गाढवं. एकेक चित्र कॅमेऱ्याने टिपलं की पडद्यावर गाढव चालायचं. गोष्ट एवढीच, की वाऱ्याने उडालेली पगडी गाढवाच्या डोक्यावर बसते, सगळे त्याला मुजरे करतात, आणि शेवटी तेही आरशापुढे स्वतःलाच मुजरा करतं. तो मुजरा साधावा म्हणून हे स्वतः आरशापुढे वाकत. कंबर लवलेली, हात जमिनीकडून कपाळाकडे, मान किंचित वाकडी. मी हसून बेजार व्हायची.

थिएटरात लागण्याआधी शहरातल्या बड्या मंडळींच्या समितीने फिल्म पाहिली. प्रमुख होते सरदार दत्ताजीराव. आमच्या बडोद्यात पगडीच्या बांधणीवरून माणसाचं घराणं ओळखतात, म्हणून यांनी मुद्दाम कुणाचीच नसलेली पगडी काढली होती. दत्ताजीरावांना तीत स्वतःची दिसली.

"हा पेच आमच्या घराण्याचा," ते म्हणाले. "कापा."

पगडी दिसते तेवढं सगळं कापलं, मूळ फिल्मवरचंसुद्धा. उरलं काय, तर एक बोडकं गाढव येतं आणि जातं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. थिएटरवाला म्हणाला, "गोविंदभाई, ते तुकडे परत आणा, जोडून लावू. नाहीतर आपलं काम इथंच बंद." आणि तुकडे तर दत्ताजीरावांनी नष्ट करतो म्हणून घरी नेले होते!

दसऱ्याला त्यांच्याकडून निरोप आला, की मेजवानी आहे, पाहुण्यांना पगडीवालं गाढव दाखवायचंय, यंत्र चालवायला या. म्हणजे तुकडे शाबूत होते! "तुकडे घेतल्याशिवाय उठणार नाही," हे वाटेत म्हणाले. माझा विश्वास बसला.

मी बायकांत, चिकाच्या पडद्याआड बसले. समोर आमचं गाढव, पगडीसकट, अख्खं! विडे चघळत सरदार मंडळी खिदळत होती. सगळ्यांत मोठ्याने दत्ताजीराव. "सरस! हा तर थेट आमचा चुलतभाऊ तुकोजीराव!" तोंडातला रस हनुवटीवर ओघळला, तो त्यांनी बाहीला पुसला. मला शिसारी आली. लोकांनी पाहिलं तर अब्रू जाते, आणि या सरदारांनी जेवून पाहिलं तर करमणूक!

खेळ संपला. हे पुढे झाले. "सरकार, ते तुकडे..."

"परत? लोकांत दाखवायला? छे! आमच्याकडे नीट राहतील. दर दसऱ्याला येत जा, तुम्हीच चालवा."

आता हे बोलतील, म्हणून मी चिकाच्या फटीला डोळा लावला. आणि हे वाकले. कंबर लवली, हात जमिनीकडून कपाळाकडे गेला, मान किंचित वाकडी झाली.

"अगं बाई, अगदी त्या गाढवासारखं!" सरदारांच्या विजयमालाबाई म्हणाल्या, आणि बायका फिसकन हसल्या.

मला पुन्हा शिसारी आली. पण या वेळची किळस दत्ताजीरावांची नव्हती.