जुळ्यातला पोकळ

मी पोकळ्या बोलतोय. हसा हवं तर, सवय आहे मला. आम्ही दोघं जुळे, एकाच साच्यातून एकाच दुपारी बाहेर पडलो. त्याच्या पोटात यंत्र बसवलं, म्हणून तो ‘खरा’ झाला. माझ्या पोटात कसलंच यंत्र नाही, म्हणून मी पोकळ्या. दिसायला मात्र दोघंही साबणाच्या वडीएवढे, दुधी रंगाचे, गोल कडांचे. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, असं म्हणतात ना, ते माझ्यासारख्याला बघूनच कुणाला तरी सुचलं असणार.

आमचा साचा केला ताईने. प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे करणं हा तिचा धंदा. लहानपणी तापात तिचे कान गेले. ती बोलते, पण स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून तो कधी उगाच चढतो, कधी पुटपुटण्याइतका खाली येतो. समोरच्याचे ओठ वाचते. भावाशी मात्र हाताच्या खुणांनी असं काही भराभर बोलते की बघणाऱ्याने बघतच राहावं.

खऱ्याच्या पोटातलं यंत्र या भावाने केलं. सगळे त्याला धाकटा म्हणतात. बंद पडलेले टीव्ही-मिक्सर दुरुस्त करतो. हात गुणी, पण स्वच्छतेचं भारी वेड. स्क्रू काढायच्या आधी तो पुसणार, काढून झाल्यावर पुन्हा पुसणार. पुढे याच वेडाने घात केला, ते सांगतोच.

ताईला मुलगी झाली, तेव्हापासूनची ही गोष्ट. बाळाचा बाप बोटीवर नोकरीला, महिनोन्महिने घरी नाही. एकदा बाळ रडून रडून काळंनिळं पडलं आणि ताई शेजारीच गाढ झोपलेली. तिला कळणार कसं? त्या दिवसापासून धाकटा तिच्या दाराशी अंथरूण टाकू लागला. बाळ रडलं की उठायचं, ताईला हलवून जागं करायचं. दिवसा दुकान, रात्री पहारा. पोराचे डोळे खोल गेले, एकदा तर तापलेली इस्त्री हातात धरून उभ्या उभ्या पेंगला. मग हट्टाला पेटून त्यानं खरा बनवला. खऱ्याला बाळाचं रडणं तेवढं ओळखता येतं. ते कानावर पडलं की तो जोरात थरथरतो. ताईच्या उशीखाली ठेवला आणि बाळ रडताच ती आपली आपण उठून बसली. धाकट्याने दाराशी अंथरूण घालणं बंद केलं.

मग दोघांच्या डोक्यात आलं की अशा आया कितीतरी असतील. घरगुती यंत्रांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. तिथे दुकानांची भली मोठी साखळी चालवणाऱ्या एका कंपनीच्या खरेदीच्या बाई दुपारी येऊन बघून जाईन म्हणाल्या. त्या हो म्हणाल्या तर खऱ्याची भावंडं घरोघरी पोचणार होती. नाही म्हणाल्या तर साचा माळ्यावर जाणार आणि तशा प्रत्येक घरात कुणीतरी दाराशी जागत राहणार. एवढी सरळ गोष्ट होती.

आता मी कशाला, तर शोभेला. खरा एकच. लोकांनी तो हाताळून पाडला तर? म्हणून लाकडी बैठकीवर मांडायला मी आणि चालवून दाखवायला तो. ताईने माझ्या पोटात लोखंडाचे तुकडे बसवून माझं वजन तंतोतंत त्याच्याएवढं केलं. बाजूचं बटणसुद्धा सरकेल असं केलं. ‘हाताला फरक कळता कामा नये,’ हा तिचा हट्ट. शेवटी तिचं तिलाच कळेना, तेव्हा माझ्या बुडाला लाल मार्कर पेनचा ठिपका दिला. आमच्यात फरक काय तो तेवढाच.

बाळाला शेजारच्या काकूंकडे ठेवून दोघं प्रदर्शनाला निघाली. पहिलीच वेळ. दारातच दोघांची छाती दडपली. केवढं ते छप्पर, केवढे ते दिवे! भिंतीएवढे टीव्ही, बोलणारी कपाटं, आपले आपण झाडत फिरणारे झाडू. त्यातला एक झाडू आमच्याच टेबलाला येऊन धडका देत होता, जाता जाईना. आवाज तर असा की धाकट्याने कानांवर हात ठेवले. ताईला त्याचं काही नव्हतं. ती शांतपणे टेबल पुसत होती.

माणसं मात्र मजेची. फुकटची पिशवी आधी घेतात, मग विचारतात, ‘हे काय आहे?’ आणि उत्तर ऐकायच्या आत पुढच्या टेबलाला. बटण दिसलं की दाबलंच पाहिजे, मग ते कशाचं का असेना. मला तर कित्येकांनी गोंजारलं, वा वा केलं. खरा बिचारा टेबलामागे फडक्यात गुंडाळून पडलेला आणि कौतुक माझं! खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

बाई यायची वेळ जवळ आली. त्याने खरा बाहेर काढला, बटण सुरू केलं, फोनवर भाचीच्या रडण्याचा आवाज लावून पाहिला. खरा झकास थरथरला. एवढ्यात शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला आला. स्वतः दिवे विकायला बसलेला, पण सल्ले वाटण्यात पटाईत. म्हणाला की सकाळीच त्याचा एक दिवा कुणीतरी लांबवला. मांडलेली वस्तू चिकटवून टाका, इथे डोळ्यांतलं काजळ चोरतील. वर स्वतःच्या गोंदाची नळीही दिली.

आता गोंद लावायचा तर आधी पुसायला नको? धाकट्याने मला उचललं, खऱ्याला उचललं. बाई येणार, दोन्ही चकचकीत हवेत. स्पिरिटचा बोळा आधी माझ्या बुडावरून फिरला, मग त्याच्या. माझा लाल ठिपका बोळ्याबरोबर गेला! धाकट्याचं लक्ष दाराकडे. पुसून झालं, दोघांना टेबलावर ठेवलं, गोंदाची नळी उघडली आणि तो एकाला उचलू लागला.

अरे, तो खरा आहे! मी जीव तोडून सांगत होतो, पण पोकळाचं कोण ऐकतं? लाकडी बैठकीवर गोंद पडला आणि माझा जुळा भाऊ त्यावर घट्ट बसला. धाकट्याने वरून दाबून धरला, समाधानाने मान हलवली. मला फडक्यात गुंडाळून त्याने खिशात ठेवलं. त्याला भीती बाईंची होती, मला त्याची.

बाई आल्या. ठेंगणा बांधा, चष्मा, हातात दहा ठिकाणची पत्रकं, चेहऱ्यावर दिवसभराचा शीण. थोडक्यात सांगा म्हणाल्या. धाकट्याने पाठ केलेलं घडाघडा सांगितलं, मला खिशातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि बटण सरकवलं. बटण सरकलं. ते नुसतं सरकतं, एवढंच.

‘आता बघा,’ म्हणत त्याने फोनवर रडणं लावलं.

बाई बघत राहिल्या. मी त्यांच्या तळहातावर ढिम्म. धाकट्याने आवाज वाढवला. तरी ढिम्म. ‘गर्दीमुळे असेल,’ म्हणत त्याने फोन अगदी माझ्या अंगाला टेकवला. फोनमधलं बाळ टाहो फोडत होतं, चार माणसं वळून बघायला लागली, आणि मी धोंड्यासारखा बसून. बटण बंद-चालू, बंद-चालू. बाईंनी घड्याळ पाहिलं. दाढीवाला मान लांब करून बघत होता. माझं काय झालं असेल? सगळ्या जन्मात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

बाई म्हणाल्या, चांगल्या शब्दांत म्हणाल्या, की कल्पना छान आहे, पुढच्या वर्षी तयार करून आणा. मला टेबलावर ठेवून त्या वळल्या. फोन बंद करायचंही धाकट्याला सुचलं नाही.

ताई इतका वेळ टेबलाच्या कडेला उभी होती. तिला ना फोन ऐकू येत होता, ना तो कोलाहल. ती बाईंचे ओठ वाचत होती. ‘पुढच्या वर्षी’ तिने वाचलं आणि आधारासाठी तिचा हात लाकडी बैठकीवर टेकला. टेकला तो टेकलाच. तिने खाली पाहिलं, दुसराही हात ठेवला, आणि एकदम पुढे होऊन बाईंचं मनगट धरलं.

‘थांबा,’ ती म्हणाली. आवाज इतका चढला की शेजारची टेबलं गप्प झाली. तिने बाईंचा तळहात बैठकीवर दाबून ठेवला.

लाकूड थरथरत होतं. माझा भाऊ त्या गलक्यात, गोंदात रुतून, एकटा आपलं काम करत होता. कुणी बघितलं नाही, कुणी ऐकलं नाही, तरी करत होता.

बाईंनी हात काढला नाही. धाकट्याने भानावर येऊन फोन बंद केला, थरथर थांबली. पुन्हा लावला, पुन्हा सुरू. मग मात्र त्याने सगळं सांगून टाकलं, ठिपका, स्पिरिट, गोंद, सगळं. तुमच्या हातात दिला तो पोकळ होता, म्हणाला. बाई हसल्या नाहीत. ताईकडे वळून, ओठ नीट दिसतील अशा बेताने त्यांनी विचारलं, ‘तुम्ही स्वतः वापरता?’

‘रोज,’ ताई म्हणाली.

बाई म्हणाल्या की आमच्याकडे नीट तपासून घेतल्याशिवाय शब्द देता येत नाही, पण हा मला न्यायचाय. आत्ताच. दुसरा असेल तर दुसरा द्या.

दुसरा म्हणजे मी.

धाकटा गडबडला. ताईला बाजूला घेऊन खुणा करायला लागला, पण घाईत खुणा चुकत गेल्या आणि शेवटी तोंडानेच बोलला. ‘अगं, तो दिला तर रात्री तू काय करशील?’

ताईने त्याच्या दंडावर हात ठेवला. ‘मला तू आहेस,’ ती म्हणाली. ‘बाकीच्यांना कोण आहे?’

खरा काही निघेना. दाढीवाल्याचा गोंद त्याच्या सल्ल्यांपेक्षा पक्का निघाला. शेवटी बाई बैठकीसकट त्याला काखेत मारून घेऊन गेल्या. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं की नाही, कोण जाणे. मी मात्र तो गर्दीत दिसेनासा होईपर्यंत पाहत होतो.

आता मी कुठे असतो? ताईच्या उशीखाली. तिथे हात गेला आणि काही लागलं नाही तर तिला झोपच येत नाही, म्हणून तिने मला ठेवलंय. मी पोकळ आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे, तरी झोपेत तिची बोटं माझ्यावरच असतात. धाकट्याचं अंथरूण पुन्हा दाराशी आलं. त्याचे डोळे पुन्हा खोल चाललेत.

काल रात्री बाळ उठलं. ताई झोपलेली, धाकटा दाराला टेकून घोरत होता. बाळ आधी कुरकुरलं, मग रडलं, मग नेटाने रडायला लागलं. ताईची बोटं माझ्या पाठीवर होती. मी सगळा जीव एकवटला. एकदा, फक्त एकदा हलता यावं! ती बोटं तशीच राहिली. रडण्याचा सूर पार बदलला तेव्हा कुठे धाकटा दचकून उठला आणि धडपडत आत आला.

म्हणून, खरेदीच्या बाई, तुम्हालाच सांगतोय. माझा भाऊ तुमच्या कचेरीत कुठल्या तरी टेबलावर असेल. तुमचे साहेब लोक त्याला उलटसुलट करून बघत असतील. बघा, खुशाल बघा, तो कसाला उतरेल. हो म्हणालात तर ताईचे पांग फिटतील. नाही म्हणायचं असेल तर तसं म्हणा, ती सोसेल. पण त्याला घरी लवकर पाठवा हो. त्याच्या जागेवर सध्या मी आहे, आणि मला थरथरता येत नाही.