बाहेरची खाट

ते चौऱ्याहत्तर साल. बेकरीत भट्टीवर काम करणाऱ्या नवऱ्याचा उजवा हात भाजला होता आणि दुपारी ती त्याच्या शर्टाची बटणं लावून देत होती. इतक्या जवळ दोघं कित्येक वर्षांत उभी राहिली नव्हती. त्याच्या अंगाला खमिराचा तोच वास होता. ती तो विसरत चालली होती.

"वहिनी, जरा जपून. दादाला सवय नाही," नणंद दारातून हसली. "बाहेरच्या खोलीत राखणीलाच ठेवलंयस ना त्याला!"

"तू आधी भाजी चिरायला घे," ती म्हणाली. नणंद नाक मुरडून आत गेली.

ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. दिवसभर परक्यांची बोलणी जोडून द्यायची. घरी मात्र 'चहा ठेवलाय' आणि 'येतो' एवढ्यावर भागायचं. तक्रार तरी कसली करणार? तिच्या चपलेचा अंगठा तुटला तर तो न सांगता शिवून आणायचा. पण लग्नाला वर्ष होतं न होतं तोच त्यानं आपली खाट बाहेर हलवली, आणि आपण त्याला नकोशा झालो हे तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच. आता तिनं लांबच्या गावी बदली मागून घेतली होती.

शेवटच्या बटणाशी तिचा हात थांबला. "सोमवारी मी जातेय."

"किती दिवस?"

"कायमची. तुम्हाला काय त्याचं? तुम्ही तर कधीच बाहेर गेलात."

तो गोंधळला. "अगं, पहाटे माझा गजर वाजायचा. एकदा केवढा उसासा टाकलास तू! म्हटलं, दमून येते बिचारी, झोप तरी नीट मिळू दे."

"तुम्ही उठून चाललात म्हणून टाकला होता हो तो!"

तिनं ते शेवटचं बटण लावलं.

"मग विचारायचं नाही?"

"तू तरी कुठं विचारलंस?"

संध्याकाळी त्यानं एका हातानं खाट आत ओढली, दुसरं टोक नणंदेनं धरलं. बदली तिनं रद्द करून घेतली. फार काही पालटलं असं नाही. शेजारी झोपायची सवयच मोडली होती; तो अंग चोरून पडायचा. पहाटे निघताना मात्र तिच्या केसांवर हात ठेवायचा. ती जागी असायची, पण डोळे मिटूनच घ्यायची. न जाणो, झोपमोड होते म्हणून हा पुन्हा बाहेर जायचा.

पुढं नणंद लग्न होऊन दूर गेली, तिथंच रमली. एक्स्चेंज बंद झालं. तो साध्या तापाचं निमित्त होऊन गेला.

ती आहे अजून. पहाट झाली की जाग येते. डोळे मिटून, पापणीही हलू न देता, ती तशीच पडून राहते.