बदलीचा रकाना

मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखा कुणी पाहिलाही नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. पाइनच्या फळ्या शेजारी शेजारी जोडायच्या, पाठीला दोन आडव्या पट्ट्या मारायच्या, की झालो मी. माझ्यावर कागद पिनांनी ताणून बसवायचा आणि इमारतींचे नकाशे काढायचे, एवढेच माझे काम. अंगावर पिनांची शेकडो भोके आहेत, पण मला त्यांची लाज वाटत नाही. काम करणाऱ्याच्या अंगावर खुणा असायच्याच.

माझा जन्म जोगेश्वरीला, मार्तंड मिस्त्रींच्या गाळ्यात झाला. माणूस तोंडाने फटकळ, पण हात सोन्याचे! गिऱ्हाइकाने घाई केली की ते सरळ सांगत, "लाकूड वाळल्याशिवाय मी रंधा लावणार नाही. घाई असेल तर दुसरीकडे जा." अनुपमाच्या वडिलांनी घाई केली नाही, म्हणून मी तिच्या वाट्याला आलो. ती तेव्हा सतरा वर्षांची होती आणि पॉलिटेक्निकला नुकतीच लागली होती. तिने काढलेला पहिला नकाशा सरांनी वर्गात उंच धरून दाखवला. "रेघ अशी पाहिजे," ते म्हणाले. शाबासकी तिची होती, पण खरे सांगतो, छाती माझीही फुगली होती.

पुढे संगणक आले आणि माझी वाट लागली. अनुपमाचे लग्न झाले, ती चारकोपला बैठ्या खोलीत राहायला आली आणि सामानाबरोबर मीही आलो. इथे मला काय काम मिळाले असेल? मोरीतल्या पिंपावर झाकण म्हणून बसायचे! मे महिन्यात गावाहून आणलेली कोकमे माझ्यावर वाळत घालत. त्या डागांनी माझा एक कोपरा अजून लाल आहे. अकरा वर्षे मी असाच पडून होतो. कधी फार राग येई, पण फळीचा राग कोण विचारतो?

अनुपमा अंधेरीच्या एका ऑफिसात नोकरीला होती. जुन्या इमारती तपासायच्या, खांब-तुळयांची गणिते करायची आणि अहवाल लिहायचा, हे तिचे काम. पण अहवालावर सही करायचा अधिकार तिला नव्हता. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा परवाना लागतो, आणि परवान्यासाठी वर्षातून एकदा डिसेंबरात होणारी परीक्षा. म्हणजे गणित तिचे आणि सही ऑफिसचे मालक नंदकिशोर साहेब यांची, कारण परवाना त्यांच्याकडे. एकदा घाटकोपरच्या एका इमारतीबद्दल तिने लिहिले होते, "इमारत रिकामी करा." साहेबांनी ते खोडले आणि "दुरुस्ती करून राहता येईल" असे लिहून सही केली. चार महिन्यांनी तिथला सज्जा कोसळला. खाली चंपाबाई नावाच्या वयस्कर बाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांचा जीव वाचला, पण उजवा हात कायमचा अधू झाला. अनुपमा त्यांना भेटायला गेली होती. घरी परत आली ती मोरीत तोंड धुवायच्या निमित्ताने बराच वेळ उभी राहिली आणि पिंपावर हात टेकून रडली. त्या पिंपावरचे झाकण म्हणजे मीच, म्हणून मला ठाऊक आहे.

त्यानंतर दोन वर्षे ती परीक्षेला बसली आणि दोन्ही वेळा नापास झाली. तिसऱ्या वर्षी फॉर्म भरताना ती नवऱ्याला, निलेशला, म्हणाली, "ह्या वेळी नाही झालं ना, तर मी पुन्हा ह्या भानगडीत पडणार नाही." तिने मला पिंपावरून उचलले, ओल्या फडक्याने पुसले आणि भिंतीला टेकवून उभे केले. माझ्यावर अभ्यासाचे वेळापत्रक लागणार होते. अकरा वर्षांनी अंगात पिना टोचल्या, तेव्हा दुखले नाही, बरे वाटले.

वेळापत्रक मात्र काय सुरेख होते! साइटवर कामांचा बार चार्ट करतात तसाच तिने केला होता. काँक्रीट निळे, लोखंडी बांधकाम हिरवे, भूकंप लाल, पाया आणि माती तपकिरी. पाच महिने, रोज चार तास, एकही चौकोन रिकामा नाही. पहाटे साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ. गणपतीला सगळे गावी जाणार, ते दहा दिवसही तिने रंगवून टाकले होते. आता कोकणातल्या घरी गणपतीत कुणी पुस्तक उघडून बसले आहे का? पुस्तकांची पिशवी जशी गेली तशीच, करकचून बांधलेली परत आली.

मग एक वाईट खोड सुरू झाली. पहाटे सवापाचला नळाला पाणी येई, पिंपे आणि कळश्या भरता भरता साडेसहा वाजत. संध्याकाळी भाकऱ्या, भाजी, लेकीचा म्हणजे श्रुतिकाचा गृहपाठ. राहिलेला अभ्यास अनुपमा लाल फुली मारून रविवारवर ढकली. रविवार तुडुंब भरला की ती जुना कागद काढून नवे वेळापत्रक करायला घेई. पट्टी, पेन्सिल, चार रंग. अर्धा दिवस त्यातच जाई. दोन दिवस सगळे झकास चाले, मग ये रे माझ्या मागल्या. ऑक्टोबर उजाडेपर्यंत माझ्यावर सहावा कागद लागला होता. रेघा अधिकाधिक सुबक होत होत्या आणि अभ्यास काही पुढे सरकत नव्हता. माझ्यावर एवढे देखणे आणि एवढे निरुपयोगी काम दुसरे झाले नाही.

एके दिवशी पहाटे अनुपमा कळशी घेऊन मोरीतून बाहेर आली, तर माझ्यासमोर तिचे सासरे उभे. दत्ताराम त्यांचे नाव. सत्तरीचे, गिरणीतले जुने कामगार, बोलणे अजून मालवणी. चष्मा लावून ते कागद वाचत होते.

"ह्या काय गो, अनुपमा? सगळीकडे लाल फुल्यो?"

"राहिलेलं आहे ते, बाबा. रविवारी भरून काढते."

"रविवारात चौदा तास लिवलंस. जेवतलंस कधी? आणि साडेपाचाक अभ्यास लिवलंस, मगे पाणी कोण भरता?"

"मीच. कळशी लावून मधे मधे वाचते ना."

दत्ताराम मान हलवत राहिले. मग म्हणाले, "मिलीत कापड विणूचो साचो कधी बंद ठेवत नाय होते. कामगार गावाक गेलो, आजारी पडलो, तर तेच्या जाग्यार बदली कामगार उभो करीत. बदली गावल्याशिवाय मुकादम कोणाक सोडी नाय. तू एकटी एवढे साचे सांभाळतंस, आणि ह्या कागदार बदली एकाचोय नाय!"

त्यांनी श्रुतिकाची पेन्सिल घेतली आणि वेळापत्रकाच्या उजव्या बाजूला वरून खाली एक रेघ ओढली. मित्रांनो, माझ्यावर इतकी वाकडी रेघ आजवर कुणी ओढली नव्हती. त्या रकान्यावर त्यांनी लिहिले, "बदली". पहाटेच्या पाण्यापुढे स्वतःचे नाव घातले. संध्याकाळच्या जेवणापुढे आणि लेकीच्या गृहपाठापुढे निलेशचे.

निलेश उठला, त्याने आपले नाव वाचले आणि त्याचा चेहरा उतरला. सांताक्रूझला विमानतळाच्या मालगोदामात तो सुपरवायझर होता. "बाबा, मी दिवसभर उभा असतो हो. घरी येऊन भाकऱ्या कधी थापू?"

"आणि ती काय दिवसभर झोपता?"

"तसं नाही..."

"आयक माझा," दत्ताराम म्हणाले. "मी सात वर्सा बदली होतंय. रोज गेटार जाऊन उभो रवायचंय. कायम होतलंय, कायम होतलंय म्हणतासर संप झालो आणि मिलच गेली. तेव्हा तुझ्या आयेन चार घरची भांडी घासली. घरी येऊन परत आमचा सगळा केल्यान. मी घरात बसान होतंय, रिकामो. दुसऱ्याच्या साच्यार सात वर्सा उभो रवलंय, पण माझ्या बायलेच्या हातातली कळशी एक दिवस घेतलंय नाय. ती गेली. आता कोणाक सांगू?"

नळ वाहत होता. अनुपमा म्हणाली, "बाबा, तुमचा गुडघा..." तर ते खेकसले, "गुडघो माझो आसा, मी बघतंय. तू पुस्तक काढ!"

मित्रांनो, लगेच सगळे सुरळीत झाले असे समजू नका. निलेशच्या पहिल्या भाकरीला श्रुतिका पोट धरधरून हसली आणि तो रुसून बसला. एका पहाटे दत्तारामांच्या हातून कळशी निसटली आणि पाणी खोलीभर झाले. अनुपमा फडके घ्यायला धावली, तसे ते ओरडले, "बस थंय! मी पुसतंय!" ती बसली, पण पुढची दहा मिनिटे तिला एक ओळ वाचता आली नाही. हातातले काम दुसऱ्याला देणे हे तिला अभ्यासापेक्षा जड गेले. बाई दिवसभर खांबांवरचा भार मोजायची, स्वतःवरचा मात्र कधी मोजला नव्हता!

तिने सातवा कागद केला नाही. सहाव्यावरचेच रविवारचे चौदा तास खोडले. रोज अडीच तास, पण ते कुणी तोडायचे नाहीत. रविवारी दुपारी झोप. ज्या पाया आणि मातीच्या धड्यांना ती दोन वर्षे घाबरून शेवटी ठेवत होती, ते सगळ्यांत आधी घेतले. सकाळी मी भिंतीजवळून उठून तिच्या मांडीवर येई, आणि ती माझ्यावर वही ठेवून गणिते सोडवी. मोरीतून पाण्याचा आवाज येई, ती मान वर करत नसे.

डिसेंबरात परीक्षा झाली. फेब्रुवारीत निकाल लागला. अनुपमा पास झाली. निलेशने पेढे आणले. दत्ताराम डोळे पुसत बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

आता मी थकलो आहे. माझी एक पट्टी सैल झाली आहे. जुन्या वस्तूचे ऐकाल तर एक मागणे आहे. तुमच्या घरात आई, ताई, वहिनी, कुणीही अभ्यासाचे वेळापत्रक भिंतीवर लावले, तर "किती झाला अभ्यास?" असे विचारून मोकळे होऊ नका. तिच्या दिवसातले एखादे काम उचला आणि तिला ते परत मागू देऊ नका. वेळ काही आभाळातून पडत नाही, घरातल्याच कुणीतरी तो द्यावा लागतो. मी अकरा वर्षे पिंपावर पडून होतो, त्याचे मला आता काही वाटत नाही. माणसाला तसे ठेवू नका.

तिच्या पहिल्या सहीचे सांगतो आणि थांबतो. एप्रिलमधला रविवार होता. मुलुंडच्या एका इमारतीचा अहवाल तिने माझ्यावर ठेवला होता. शेवटची ओळ होती, "इमारत तातडीने रिकामी करावी." अनुपमाने पेनाचे टोपण काढले आणि हात थांबला. ज्या सहीसाठी तीन वर्षे झुरली, ती तिच्याने होईना.

दत्तारामांनी विचारले, "काय झाला गो?"

"अठरा घरं आहेत, बाबा. लहान पोरं आहेत. कुठे जातील सगळे?"

"खांब कसे आसत?"

"गेलेत. पावसाळा काढणार नाहीत."

"मगे तसाच लिव."

तिने सही केली. पेनाचा दाब कागदातून खाली माझ्यापर्यंत आला. मे संपायच्या आत त्या अठरा घरांतली माणसे बाहेर पडली. जाताना त्यांनी अनुपमाला खूप शिव्या दिल्या, पण गेली ती सगळी आपल्या पायांनी चालत गेली.