चर्चच्या दारावरचा हॉलीचा हार

जॉर्जियातल्या त्या गल्लीत प्रत्येक घराच्या पायाशी हॉलीची झुडपं होती. बारा महिने हिरवी, काटेरी पानांची आणि कात्रीने छाटून छाटून लाडवासारखी गोल केलेली. सगळ्यांत गोल लाडू अर्थातच ग्लेंडा प्रुइटबाईंचे. नाताळात चर्चच्या दारावर लागणारा हार दरवर्षी त्यांच्याच लाल फळांचा असे. नवरा गेल्यापासून गावात त्यांना उरलेला मान तेवढाच.

समोरच्या हॉइट टॅकेटच्या हॉलीला मात्र कात्री कधी लागलीच नव्हती. छपराला टेकलेलं, झिपरं, आणि फळाचा पत्ता नाही.

"नुसतं उभं राहायचं, द्यायचं काही नाही. अगदी मालकावर गेलंय," असं म्हणून बाईंनी सोसायटीकडे तक्रार केली. गल्लीतल्या झाडून साऱ्या बायकांनी हौसेने सह्या केल्या. हॉइटने हातातली बिअर संपवली आणि झाड पाडलं.

डिसेंबर उजाडला तरी बाईंच्या झुडपांवर लाल ठिपका दिसेना. त्या नर्सरीत गेल्या.

"नर कुठाय?" काउंटरवरच्या बाईने जांभई देत विचारलं.

"वारले."

"झुडपांचं विचारतेय, मॅडम. फळं मादीला धरतात, पण जवळपास नर लागतो. त्याला स्वतःला फळं येत नाहीत."

ग्लेंडाबाईंना फळं न येणारं एक झाड आठवलं. त्यांनी नराचं रोप काही घेतलं नाही. ते अंगणात दिसलं असतं, आणि का लावलं म्हणून कुणीतरी विचारलं असतं. त्याऐवजी पलीकडच्या गावातून प्लास्टिकची फळं आणली आणि पडदे ओढून एकेक तारेने हारात बांधली.

रविवारी चर्चच्या पायरीवर गल्लीतल्याच ओपल हेंड्रिक्सने हार नाकाजवळ नेऊन पाहिला.

"काय रंग आलाय गं यंदा," ओपल म्हणाली. "खत कुठलं घालतेस?"

"नेहमीचंच. तुझ्याकडे कशी आहेत?"

"लगडलीत नुसती."

"आमच्याकडे तर फांद्या मोडायला आल्यात," बाकीच्या म्हणाल्या.

हार दाराला लागला. पाद्रीबुवा निसर्गाच्या औदार्यावर बराच वेळ बोलले, बायकांनी माना डोलावल्या. मग सगळ्याजणी घोळक्याने घरी निघाल्या. शोधूनही लाल काही सापडलं नसतं अशा एकमेकींच्या अंगणांवरून जाताना प्रत्येकीने नजर अगदी सरळ रस्त्यावर ठेवली होती.